माझे सासरे आणि चढता क्रम

जगात जेवढी म्हणून माणसं, भाकऱ्या, आजार, पातेली आणि जावई आहेत, त्या सगळ्यांना लहानापासून मोठ्यापर्यंत एका ओळीत उभं केल्याशिवाय ज्यांना अन्न गोड लागत नाही असे आख्ख्या लातूर जिल्ह्यात एकच गृहस्थ आहेत, आणि ते माझे सासरे आहेत. बरं, नुसती ओळ लावून त्यांचं भागत नाही. कोण कोणापेक्षा कितीनं मोठं, हे आधी अपूर्णांकात, मग दशांशात आणि शेवटी टक्क्यांत सांगून झालं, की मगच ते समाधानानं मिशीवरून हात फिरवतात आणि पुढच्या वस्तूकडे वळतात. पुढची वस्तू बहुतेक वेळा मीच असतो.

त्यांची हयात तलाठी म्हणून गेली. तीन भाऊ, दोन बहिणी, एक विधवा चुलती, आणि त्यातल्या एका भावानं आपल्या हिश्श्याचा पाव हिस्सा परस्पर विकलेला, अशी जमीन समोर आली की बाकीचे तलाठी रजेचा अर्ज लिहायला घेत. आमच्या सासऱ्यांचा चेहरा मात्र लग्नघरातल्यासारखा उजळायचा. सातबाऱ्याला सारं जग कागद समजतं. सासरे त्याला अपूर्णांक समजतात. 'सात छेद बारा,' उतारा हातात देताना ते शेतकऱ्याला सांगायचे, 'म्हंजे अठ्ठावन्न पूर्णांक तेहतीस टक्के. निम्म्याच्या वर हाय, काळजी करू नको.' हा त्यांचा विनोद होता. पण सरकारी माणूस विनोद करतो हे लोकांच्या लवकर ध्यानात येत नाही. एक म्हातारबा तर आपली उरलेली एक्केचाळीस टक्के जमीन कुणी लाटली हे विचारायला थेट तहसीलच्या पायरीवर जाऊन बसले होते आणि दुपारपर्यंत उठायला तयार नव्हते. शेवटी सासऱ्यांनाच तिथं जाऊन, स्वतःच्या डब्यातली भाकरी त्यांना खाऊ घालून, सातबारा हे नुसतं नाव आहे हे पटवून द्यावं लागलं.

निवृत्त झाल्यावर जमिनी हातातून गेल्या आणि त्यांचं सगळं लक्ष भाकरीवर आलं. जेवायला बसले की ते सासूबाईंना सांगतात, 'तीन अष्टमांश दे.' माझ्या सासूबाई निलंग्याच्या पलीकडच्या, कर्नाटकाला लागून असलेल्या गावच्या. त्या बोलतात कमी आणि वाढतात जास्त. त्या भाकरीचा हाताला येईल तो तुकडा मोडून ताटात टाकतात. सासरे तो तुकडा उचलून उजेडाकडे धरतात. 'हे पाच बारांश झालं,' ते म्हणतात. 'एक चोविसांश जास्त आलं.' मग तेवढी कोर तोडून परत टोपलीत ठेवतात. सासूबाई 'साकु' म्हणतात. साकु म्हणजे कानडीत पुरे. त्या घरात हा शब्द मी इतक्या वेळा ऐकला की पहिलं वर्षभर मला ते सासऱ्यांचं लाडाचं नाव वाटत होतं.

मोबाइल आल्यापासून तर त्यांची दिवाळीच झाली. शेजाऱ्याच्या खिशातून फोन डोकावला की हे विचारणार, 'बॅटरी किती राहिली?' तो बिचारा म्हणणार, बारा टक्के. 'अरं, एक अष्टमांशाच्या खाली आली की,' असं म्हणून सासरे त्याला अशा तातडीनं घरी पिटाळतात की बघणाऱ्याला वाटावं त्याच्या घरी कुणी आजारी आहे. लातूरहून नांदेडला आमच्याकडे येताना बसमध्ये चढले की ते आधी शेवटच्या बाकापर्यंत चालत जातात, डोकी मोजत परत येतात आणि कंडक्टरला अहवाल देतात. 'चव्वेचाळीसपैकी तेहतीस. पंच्याहत्तर टक्के. पाऊण गाडी भरली.' एकदा एक कंडक्टर त्यांना म्हणाला, 'काका, पाऊण भरली तरी गाडी आख्खीच जाणार हाय. तुम्ही बसून घ्या.' हे उत्तर त्यांना इतकं आवडलं की आमच्या घरी उतरल्यावर पाणी प्यायच्या आधी त्यांनी ते मला सांगितलं.

मी त्यांचा जावई झालो, तीही एक परीक्षाच होती, आणि मी तिच्यात नापास झालो होतो.

मी तेव्हा नांदेडच्या एका महाविद्यालयात ग्रंथालयात नुकताच लागलो होतो. मुलगी बघायला लातूरला गेलो. फोडणीच्या चुरमुऱ्यांची सुशीला आणि चहा पुढे आला. सासऱ्यांनी, म्हणजे तेव्हाच्या अनोळखी गृहस्थांनी, वहीचं एक पान माझ्यासमोर सरकवलं. त्यावर तीन स्थळं मांडली होती. एक अभियंता, त्याला दहापैकी सात पूर्णांक आठ. एक शिक्षक, त्याला त्र्याहत्तर टक्के. आणि मी, नोकरीच्या मुलाखतीत पंचवीसपैकी एकोणीस. 'तुम्ही मधले हाय,' ते अगदी प्रेमानं म्हणाले. 'अठ्ठ्याहत्तर, शहात्तर, त्र्याहत्तर. पण तुमच्या कामात दशांश हाय, म्हणून मी तुम्हाला आधी बोलावलं.' पुस्तकांच्या पाठीवर दशांशाचे क्रमांक असतात हे त्यांना ठाऊक होतं, आणि असे आकडे दिवसभर हाताळायला मिळणाऱ्या माणसाचा त्यांना हेवा वाटत होता. मग त्यांनी चष्मा पुसला आणि विचारलं, 'दोन तृतीयांश, पासष्ट टक्के आणि शून्य पूर्णांक सहासष्ट. चढत्या क्रमानं लावा.'

माझ्या तोंडात सुशीला होती. समोरच्या दाराच्या पडद्याखाली दोन पावलं दिसत होती आणि माझं सगळं ध्यान तिकडे होतं. मी घास गिळला आणि म्हणालो, 'सगळं सारखंच आहे की मामा. एखाद्या टक्क्याचा तर फरक.'

सासूबाई चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या त्या तशाच राहिल्या. सासऱ्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी जोडे घालून देवघरात गेलो होतो. 'ग्रंथालयात कामाला ना तुम्ही?' त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो. 'मग पुस्तकं सापडतात का लोकांना?' मी पुढचा घास तोंडात घातला. पासष्ट टक्के सगळ्यात लहान, त्यानंतर शून्य पूर्णांक सहासष्ट आणि दोन तृतीयांश सगळ्यात मोठं, कारण ते सहासष्टाच्या पुढे सहा सहा करत कधी संपतच नाही, हे त्यांनी मला फाटकापर्यंत सोडायला येताना समजावून सांगितलं. मी बसमध्ये बसलो तो हे स्थळ गेलं असं समजूनच. चौथ्या दिवशी त्यांचा फोन आला. आवाज जरा चकित होता. 'जावईबापू,' ते म्हणाले, 'पोरगी हाव म्हणून राहिली. अभियंत्याला न्हाई म्हणाली. मला काय समजंना, पण तारीख बघू.'

त्यातलं कोडं मला लग्नानंतर उलगडलं. लातूरहून नांदेडला येताना बायको खिडकीतून बाहेर बघत होती आणि मध्येच म्हणाली, 'तुम्ही त्या दिवशी सगळं सारखंच आहे म्हणालात ना, म्हणून मी हो म्हणाले. आमच्या घरात हे वाक्य मी जन्मात ऐकलं नव्हतं.' मग तिनं दहावीचं सांगितलं. तिच्या मोठ्या बहिणीला साडेसातशेपैकी सहाशे सत्तावन्न पडले होते. हिच्या वेळेपर्यंत एकूण गुण बदलले आणि हिला साडेसहाशेपैकी पाचशे एकोणसत्तर मिळाले. बहिणीला गाठायचं म्हणून ही वर्षभर पहाटे उठली होती, आणि छेद वेगळे असल्यामुळे कोण पुढे हे कुणाला पटकन कळणार नाही अशी तिला आशा होती. सासऱ्यांनी निकालाचा कागद बघितला, डोळे मिटले, उघडले आणि पेढ्यांचा पुडा घेऊन अंगणात आले. गल्लीतले लोक जमले होते. 'थोरली सत्त्याऐंशी पूर्णांक साठ,' त्यांनी जाहीर केलं, 'आणि धाकटी सहा शतांशानं मागं.' बायकोनं तो पेढा खाल्ला नव्हता. हे सांगताना ती हसत होती, म्हणून मीही हसलो.

सासऱ्यांनी मला मात्र मनापासून माफ केलं. लग्नानंतरच्या पहिल्याच भेटीत ते माझं ग्रंथालय बघायला आले. गणिताच्या कपाटासमोर उभे राहिले आणि त्यांचा चेहरा पडला. पाचशे दहा पूर्णांक पाच हे पुस्तक पाचशे दहा पूर्णांक पंचेचाळीसच्या आधी लावलेलं होतं. 'पाच लहान आणि पंचेचाळीस मोठे, असं धरलंय कुणीतरी,' ते आजारी माणसाबद्दल बोलावं तशा हळू आवाजात म्हणाले. 'पूर्णांक पाच म्हंजे पन्नास. निम्मं. पंचेचाळीस निम्म्याला पोचत न्हाईत.' त्यांनी स्टूल मागवलं, बाह्या सरसावल्या आणि दुपारभर तीन कपाटं नव्यानं लावली. एका प्राध्यापकांना तीन वर्षांपूर्वी ग्रंथालयानं 'हरवलं' म्हणून लिहून दिलेलं पुस्तक त्या दिवशी सासऱ्यांच्या हाताखालून बाहेर आलं. ते प्राध्यापक अजूनही मला भेटले की माझी नाही, सासऱ्यांची चौकशी करतात.

असं सगळं मजेत चाललं होतं. मग आमच्या लेकीच्या उड्या सुरू झाल्या.

लेक सहावीत गेली आणि लांब उडीत नाव काढू लागली. नांदेडला शाळाशाळांच्या स्पर्धा होत्या. सासरे आणि सासूबाई धपाट्यांचा डबा घेऊन खास तिची उडी बघायला आले. मैदानावर मंडप होता, फक्कीनं आखलेल्या पांढऱ्या रेघा होत्या, आणि व्यासपीठावर हार घातलेले पाहुणे होते. लेकीनं उडी छान मारली. थोड्या वेळानं माइकवरून निकाल आला. 'मुलींची लांब उडी. प्रथम, दोन पॉइंट पंच्याऐंशी मीटर.' हे आमच्या लेकीचं होतं. 'द्वितीय, दोन पॉइंट नऊ मीटर.' ही नायगावकडची एक किडकिडीत मुलगी होती. टाळ्या वाजल्या. बायकोनं माझा हात घट्ट धरला. लेक व्यासपीठावर चढली, तिच्या गळ्यात पदक पडलं, मी फोटो काढायला फोन वर केला, आणि फोनच्या पडद्यावर मला माझ्या लेकीशेजारी माझे सासरे दिसले.

ते व्यासपीठावर कधी आणि कुठून चढले हे कुणीच पाहिलं नाही. 'जरा थांबा,' ते माइकवाल्या सरांना म्हणत होते आणि माइक चालू असल्यामुळे सगळं मैदान ते ऐकत होतं. 'नऊ मोठे का पंच्याऐंशी?'

'पंच्याऐंशी, काका,' सर म्हणाले. 'तुम्ही कोण?'

'मी पहिल्या नंबरचा आजोबा हाय. आन् ती पहिली न्हाई.'

पाहुण्यांनी पुढच्या पदकासाठी उचललेला हात तसाच हवेत ठेवला. सासरे सरांना घेऊन खाली उतरले, फक्कीची बादली ओढली आणि मातीवर एक लांब रेघ मारली. 'हे दोन मीटरच्या पुढचं एक मीटर,' ते म्हणाले आणि त्यांनी तिचे दहा भाग केले. तोपर्यंत चारशे पोरं भोवती जमली होती आणि प्रत्येक भागाला मोठ्यानं आकडा म्हणत होती. 'पॉइंट नऊ म्हंजे ह्यातले नऊ भाग. पॉइंट पंच्याऐंशी म्हंजे आठ भाग आन् नवव्याचा अर्धा. साडेआठ. आता सांगा, साडेआठ मोठे का नऊ?' चारशे पोरांनी एका आवाजात सांगितलं. सरांचा चेहरा फक्कीसारखा झाला. पाहुणे हसू लागले, मग शिक्षक हसू लागले, आणि गणिताचा तास एवढ्या आनंदात संपलेला मी तरी दुसरीकडे पाहिला नाही. एका शाळेचे मुख्याध्यापक तर सासऱ्यांना प्रजासत्ताक दिनाचं आमंत्रण देऊन मोकळे झाले. ह्या सगळ्या गोंधळात आमच्या लेकीनं आपलं पदक काढलं, त्या मुलीच्या गळ्यात घातलं आणि तिच्यासाठीचं पाहुण्यांच्या हातातून घेऊन आपल्या गळ्यात घातलं. नायगावच्या मुलीचे वडील लांबून हात जोडत आले आणि सासऱ्यांच्या पाया पडू लागले. 'माझ्या न्हाई,' सासरे म्हणाले, 'पोरीच्या उडीला पडा.' मी टाळ्या वाजवत बायकोकडे वळलो. ती मंडपात नव्हती. रिक्षा करून घरी गेली होती.

संध्याकाळी बायको स्वयंपाकघरातून बाहेर येईना. लेक मात्र खुशीत धपाटं खात होती. 'मला माहीत होतं आजोबा,' ती म्हणाली. 'मी सरांना सांगणारच होते. पण पदक गळ्यात पडल्यावर ते इतकं छान वाटलं, की म्हटलं, घरी जाऊन सांगू.' सासरे हसले. तेवढ्यात बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली.

'अप्पा,' ती म्हणाली, 'ती मुलगी पहिली होती, हे बरोबरच आहे. तुम्ही नेहमी बरोबरच असता. पण आपलं माणूस मागं आहे हे चारचौघांत सांगायची तुम्हाला एवढी घाई का असते? आज नात. तेव्हा मी.'

'तू कधी?'

'दहावीला. सहा शतांशानं मागं.'

सासऱ्यांनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला. वीस वर्षांपूर्वीचा आकडा ऐकून त्यांना आनंद व्हायला हवा होता. तो झाला नाही.

'त्याच्या म्होरचं काय म्हणालो होतो मी?' त्यांनी विचारलं.

'पुढचं मी ऐकलं नाही. मी आत निघून गेले होते.'

'म्होरं म्हणालो होतो,' सासरे सावकाश बोलू लागले, 'की सहा शतांश टक्के म्हंजे दहा हजार तुरीच्या दाण्यांत सहा दाणे. पसरून ठेवले तर हुडकून बी सापडणार न्हाईत. दोन्ही पोरी सारख्याच हायत. हे सांगायचं होतं गल्लीला. कुणीकुणी म्हणून राहिले होते, धाकटी थोरलीसारखी न्हाई म्हणून. त्यांच्या तोंडावर टाकायला मी आकडा काढला होता गं.'

बायकोनं सासूबाईंकडे बघितलं. सासूबाई लसूण सोलत होत्या. 'म्हणाले होते,' त्या म्हणाल्या. 'मी तिथंच होते. मला वाटलं, तू ऐकलंस.'

बायको सासूबाईंशेजारी खाली बसली. सासरे काहीतरी आणखी सांगणार होते, पण सासूबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि ते थांबले. मग बायकोनं ताटं घेतली. त्या दिवशी सासऱ्यांच्या ताटात आख्खी भाकरी पडली आणि त्यांनी ती न बोलता संपवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना बसस्थानकावर सोडायला गेलो. ते गाडीत चढले आणि खिडकीपाशी जाऊन बसले. डोकी मोजली नाहीत. मला वाटलं, उशीर झाला म्हणून असेल.

तेव्हापासून ते बदलले. बाहेरच्या जगाची ओळ अजून ते लावतात. परवाच एका दवाखान्यात डॉक्टर 'पन्नास-साठ टक्के सुधारणा आहे' म्हणाले, तेव्हा पन्नास की साठ, मध्ये एक दशांशाचा फरक पडतो, म्हणून त्यांनी डॉक्टरांना अडवून धरलं होतं. पण घरच्या माणसांना ते आता आकडा लावत नाहीत. लेकीचे गुण ऐकतात, 'छान' म्हणतात आणि फोन सासूबाईंकडे देतात. सुरुवातीला आम्हाला हायसं वाटलं. बायको म्हणालीही, अप्पा आता माणसात आले.

ते दर रविवारी सकाळी बायकोला फोन करतात. आमच्या लग्नाला पंधरा वर्षं झाली, तो रविवार कधी चुकला नाही. पूर्वी तिनं 'बरी आहे' म्हटलं की पलीकडून लगेच प्रश्न यायचा, 'किती टक्के?' ती वैतागून ऐंशी म्हणायची. 'म्हंजे चार पंचमांश,' ते म्हणायचे, 'मग एक पंचमांश कशानं गेला ते सांग.' आणि मग ती सांगायची. कंबर दुखते, लेक ऐकत नाही, मी भाजी विसरून आलो, सगळं एक पंचमांशात बसवून अर्धा तास सांगायची.

गेल्या रविवारी फोन आला तेव्हा मी समोरच पेपर वाचत बसलो होतो. 'बरी हायस का धाकटे?' त्यांचा आवाज आता जरा थकलाय. 'हो अप्पा, बरी आहे,' बायको म्हणाली. पलीकडून 'किती टक्के?' आलं नाही. ती फोन कानाला लावून उभी राहिली. शेवटी त्यांनीच विचारलं, 'बरं, मग ठेवू का?'

'थोडा खोकला झालाय,' बायको घाईनं म्हणाली.

तिला खोकला झालेला नव्हता.